दोन बोल्ट आणि पिळलेली तार

लिहून ठेवणार : रावजी दत्तू बोरस्ते, वय ७१ वर्षे, निवृत्त इंजिन फिटर, राहणार नांदूर नाका, नाशिक.

हे मृत्युपत्र मी आज गुरुवार, दिनांक ८ जानेवारी २०२६ रोजी, घरातल्या जेवणाच्या टेबलावर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, काही पाजलेलं नाही, आणि गोड बोलून लिहून घ्यावं एवढं माझ्याकडे काही नाही. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. शेजारच्या डॉ. सायली पगार यांनी काल तपासून माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. माझी पत्नी झुंबरबाई हिचं मत वेगळं आहे, पण ती डॉक्टर नाही.

यापूर्वी ऑगस्ट २०२२ मध्ये वकिलाकडून करून घेतलेलं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. त्यात माझा मुलगा किशोर याला मी काहीही ठेवलं नव्हतं. "कारण त्याने बापाविरुद्ध सही केली" असं वाक्य मी त्यात मुद्दाम घालायला लावलं होतं. वकील म्हणाले, "काका, कारण लिहायची गरज नसते." मी म्हणालो, "लिहा." ते वाक्य चुकीचं होतं, आणि त्याचा खुलासा केल्याशिवाय मला पुढची वाटणी करता येणार नाही.

कलम १. नांदूर नाक्याचं राहतं घर झुंबरबाईला तिच्या हयातीपर्यंत. तिला या घरातून कोणी, प्रेमानेसुद्धा, हलवू नये. तिच्या मागे घर किशोर आणि मुलगी संध्या (मालेगाव) यांना निम्मं निम्मं. बँकेतल्या ठेवी पूर्णपणे झुंबरबाईच्या. त्यातून तिने काय करावं हे तिला कोणी शिकवू नये. चाळीस वर्षं तिनेच मला शिकवलं आहे.

कलम २. माझे मेहुणे सुनील यांस माझं मनगटी घड्याळ. एकच अट. "ही गाडी घेऊ नका, मी सांगितलं होतं" हे वाक्य त्यांनी माझ्या दहाव्याला रामकुंडावर बोलू नये. आजवर मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की माझ्या पिंडाला कावळासुद्धा शिवायचा नाही.

कलम ३. हत्यारं. लाकडी पेटी, टॉर्कचा पाना आणि तार पिळायची पक्कड. ही पक्कड काय असते ते सांगतो. ओझरच्या विमान कारखान्यात मी चौतीस वर्षं इंजिनावर काम केलं. विमानाचा बोल्ट नुसता आवळून भागत नाही. त्याच्या डोक्याला भोक असतं, त्यातून बारीक तार ओवायची आणि पिळून शेजारच्या बोल्टला बांधायची, म्हणजे हादऱ्याने एक सैल पडू लागला तर दुसरा त्याला धरून ठेवतो. तार नसलेला बोल्ट म्हणजे आमच्याकडे न केलेलं काम. प्रत्येक फिटरचा पीळ वेगळा असतो, हस्ताक्षरासारखा. माझं शेवटचं टोक डावीकडे आत वळवलेलं असतं. किशोर सातवीत होता तेव्हा घरच्या लोखंडी खाटेवर मी त्याला हे शिकवलं होतं.

आमच्याकडे दुसरा नियम दोन सह्यांचा. काम करणाऱ्याची एक आणि तपासणाऱ्याची दुसरी, त्याशिवाय इंजिन जागचं हलत नसे. माझ्या कामावर दुसरी सही वाल्मीक अहिरेची असायची. सहीपुढे तो "पाहिले" असं लिहायचा. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याने ते कधी लिहिलं नाही, माझ्यासाठीही नाही, आणि आम्ही रोज एका डब्यात जेवायचो.

कलम ४. गाडी. दारात कव्हराखाली उभी असलेली, पावणेचार वर्षं न चाललेली मोटार. हिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

ही गाडी २०२१ च्या दसऱ्याला घेतली. शोरूममध्ये कुंदन नावाच्या मुलाने आम्हा दोघांना हार घातले, दरवाजाएवढी पुठ्ठ्याची चावी हातात देऊन फोटो काढला. पेढे दिले. त्यानंतर त्या कुंदनने माझा फोन एकदाही उचलला नाही. किशोर त्याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अॅडव्हायजर होता. म्हणजे तक्रार घेऊन येणाऱ्याचं म्हणणं जॉब कार्डवर उतरवायचं आणि खाली सही करायची. घरचाच माणूस तिथे आहे म्हणून मी निर्धास्त होतो.

दिवाळीनंतर इंजिनातून आवाज येऊ लागला. थंड असताना टक टक, गरम झालं की बंद. चौतीस वर्षं इंजिनं ऐकलेला माणूस आहे मी. आतलं बेअरिंग झिजत होतं ते. पाच वेळा गाडी नेली. आजारी पोर दवाखान्याच्या पायरीवर हसायला लागतं, तशी ही वर्कशॉपच्या फाटकात गप्प व्हायची. कधी "नॉर्मल आहे सर", कधी "सॉफ्टवेअर अपडेट केलंय", कधी "पेट्रोल दुसऱ्या पंपावर भरून बघा". पाचव्या वेळी एका पोराने मला विचारलं, "काका, तुम्हाला ऐकायला नीट येतं ना?" मी चावी उचलून निघालो. घरी आल्यावर मात्र झुंबरबाईवर ओरडलो.

त्याच रविवारी, मार्च २०२२ मध्ये, मी गाडी विटांवर चढवली आणि खालून इंजिनाचं तेलाचं पात्र, म्हणजे संप, उघडलं. तेलात चांदीसारखी भुकटी होती. माझं म्हणणं खरं निघालं. ती भुकटी गोळ्यांच्या डबीत भरून ठेवली आहे, कपाटात वरच्या खणात. मग संप परत बसवला. आणि बसवताना, देवाशपथ सांगतो, विचार करून नाही, हाताला राहवलं नाही म्हणून, दोन बोल्टांच्या डोक्याला भोकं पाडून तार पिळून बांधली. मोटारीला असं कोणी करत नाही. वॉरंटीचं पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. विमानाच्या इंजिनाचं पुस्तक उघडल्याशिवाय मी पान्याला हात लावला नाही, आणि स्वतःच्या गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात तसंच प्लास्टिकमध्ये पडून होतं.

एप्रिलमध्ये संध्याकडे मालेगावला निघालो असताना राहुडच्या घाटात इंजिन जाम झालं. मागे ट्रकची रांग, झुंबरबाई उन्हात दगडावर बसलेली. गाडी ओढून वर्कशॉपला नेली. पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने जॉब कार्डवर लिहिलं की मालकाने तेल वेळेवर बदललं नाही, वॉरंटी लागू नाही. हे धादांत खोटं होतं. त्या कागदाखाली सही होती किशोरची.

मी त्याला घरात, सुनेसमोर म्हणालो, "तू माझा नाहीस, तू त्यांचा आहेस." तो म्हणाला, "अप्पा, कागद नीट वाचा." मी वाचला नाही. पंधरा दिवसांत ती दोघं पाथर्डी फाट्याला भाड्याच्या घरात गेली. बंद गाडी मी ओढून दारात आणली, ग्राहक आयोगात दावा लावला आणि शपथपत्र दिलं की वर्कशॉपखेरीज इंजिनाला बाहेरच्या कोणाचाही हात लागलेला नाही. त्यांनी पाचदा खोटं सांगितलं, मी एकदा सांगतो, असा माझा हिशेब होता. झुंबरबाई दर दिवाळीला म्हणायची, "पोरगं दारात येत नाही, आणि तुम्ही गाडीला कव्हर घालत बसा." मी कव्हर घालत बसलो.

गेल्या महिन्यात आयोगाच्या तारखेसाठी वॉरंटीचं मूळ पुस्तक लागलं म्हणून मी तो कप्पा उघडला. पुस्तकाचं प्लास्टिक फाडलेलं होतं. आत एक खाकी पाकीट, "बाहेरच्या व्यक्तीने इंजिन उघडल्यास वॉरंटी रद्द" हे कलम असलेल्या पानात ठेवलेलं. पाकिटात दोन बोल्ट आणि कापलेली तार. टोक डावीकडे आत वळवलेलं.

पुण्याचा इंजिनिअर येण्याआधी किशोरने ते बोल्ट काढून नवे बसवले होते. ते तसेच राहिले असते तर माझा दावा त्याच दिवशी संपला असता, आणि शपथपत्रानंतर सापडले असते तर मी खोटा ठरलो असतो. त्याने बोल्ट बदलल्याचं कंपनीला कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. मग मी तो जॉब कार्डचा कागद काढून पहिल्यांदा वाचला. इंजिनिअरच्या शेऱ्याच्या वर किशोरने माझ्या पाचही तक्रारी तारखांसह लिहिल्या होत्या. मी पावणेचार वर्षं फक्त सही बघत होतो. मला माझीच लाज वाटते आहे, ती इथे नोंदवून ठेवतो.

कंपनीचं इंजिन खराब होतं, आणि मी खोटी शपथ घेतली. दोन्ही खरं आहे. म्हणून पुढच्या तारखेला मी जुनं शपथपत्र मागे घेऊन खरं लिहून देणार आहे. दावा बुडाला तर बुडू दे.

कलम ५. कलम ३ मधली सगळी हत्यारं किशोरला. त्याच पेटीत खाकी पाकीट आणि त्याच्या नावे एक पत्र ठेवलं आहे. पत्र माझ्या मृत्यूनंतर त्याला द्यावं. त्यात मी त्याची माफी मागितली आहे.

येथपर्यंत लिहून दुपारी वाल्मीकला साक्षीसाठी बोलावलं. त्याने चष्मा पुसून सगळं वाचलं, कलम ५ दोनदा वाचलं, आणि पेन खाली ठेवलं.

"मी नाय सही करायचो."

"का रे?"

"काम झालेलं नाय. माफी मागितली लिवलंय. कुठं मागितली? पेटीत?"

"मेल्यावर मिळेल त्याला."

"मंग मेल्यावर सही घे माझी," असं म्हणून तो चहा न घेता गेला. झुंबरबाईने त्याला फाटकापर्यंत पोचवलं आणि येऊन माझी चप्पल दारात सरळ करून ठेवली. सबब वरील लेखावर आज सह्या झाल्या नाहीत.

पुरवणी, रविवार, दिनांक ११ जानेवारी २०२६.

शुक्रवारी संध्याकाळी पाकीट घेऊन मी पाथर्डी फाट्याला गेलो. किशोर नुकताच कामावरून आला होता, हाताला साबण तसाच. मी टेबलावर बोल्ट ठेवले आणि म्हणालो, "मी चुकलो रे. खोटं मी बोललो आणि शिक्षा तुला दिली."

त्याने हात पुसून एक बोल्ट उचलला. म्हणाला, "गाडी रॅम्पवर चढली आणि मला तार दिसली. तुमचीच, लगेच ओळखली."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाशी बोलू? तुम्ही दार लावलं होतं." मग त्याने बोल्ट खाली ठेवला. "मला वाटलं, कप्पा आज उघडतील, उद्या उघडतील. दर दिवाळीला वाटायचं."

मला रडू आलं. त्यालाही आलं. सूनबाईने न विचारता तिसरं ताट वाढलं. जेवताना मी त्याला सांगितलं की बोल्टांचं मी आयोगात लिहून देतोय, तुझ्या नोकरीचं काय? तो म्हणाला, "लिहा. काढले मी, तर सही पण माझीच राहू द्या." मी त्याला चार दिवस विचार करायला सांगितलं आहे. तो म्हणतो, पावणेचार वर्षं केलाय.

आज सकाळी तो इथे आला. कव्हर काढलं, आणि आम्ही दोघांनी इंजिन उघडायला घेतलं आहे. म्हणून कलम ५ मध्ये दुरुस्ती : हत्यारं किशोरला आजच दिली. पत्र मी फाडलं. गाडी चालू झाली तर झुंबरबाईला मालेगावला नेण्यासाठी, न झाली तर किशोरने मोडीत घालावी, कव्हर मात्र पुन्हा घालू नये.

वरील मजकूर, दुरुस्तीसह, मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे. हाताला तेल असल्याने कागदावर डाग पडला आहे, तो माझाच आहे.

ठिकाण : नांदूर नाका, नाशिक
दिनांक : ११ जानेवारी २०२६

(सही) रावजी दत्तू बोरस्ते

साक्षीदार :

१. (सही) डॉ. सायली पगार, नांदूर नाका, नाशिक

२. (सही) वाल्मीक अहिरे, निवृत्त इन्स्पेक्टर, ओझर. पाहिले.