फोनवर गप्प बसलेल्या साखराबाईचं घर

मी, बंकट त्रिंबक गडदे, धंदा शेती व मेंढरं, राहणार नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड, टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत महाअंतिम फेरीपर्यंत गेलेला, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही धाकाशिवाय माझी शेवटची इच्छा सांगत आहे. लिहून घेत आहेत वकील वनमालाबाई. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?" मी म्हणालो, "पर्याय द्या." ते हसले. मी हसलो नाही. माझ्या नावाचं दुसरं मृत्युपत्र कोणी काढून दाखवलं तर ते खोटं समजावं. दाखवणारा बहुतेक माझा पुतण्या सत्यम असेल.

कलम १. गावाजवळचं शेत याच सत्यमला. तो रोज माझे पाय दाबतो. पाय दाबणाऱ्याचं ध्यान सातबाऱ्यावर असतं हे मला कळतं, पण दाबतो बरं. त्यानं शेत कसावं, विकू नये.

कलम २. मेंढरं राखणाऱ्या बजरंगला. दरसाल एखादं कोकरू लांडगा नेतो म्हणतो. लांडग्याचा आमच्याच कळपावर एवढा लोभ कावून, असं मी त्याला विचारलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही. तरी मेंढरं त्याच्याच हाकेला येतात, म्हणून त्याला.

कलम ३. पुस्तकं आणि चषक शाळेला. लिंबागणेशच्या गणेशोत्सवातला चषक धरून सगळे. मोहनराव गुरुजींनी कपाटाला कुलूप घालून किल्ली घरी नेऊ नये. गुरुजी साक्षीला समोरच बसलेत, ऐकू द्या.

कलम ४. बक्षिसांतून बांधलेलं राहतं घर. यासाठी थोडं मागं जावं लागेल.

तालुक्यापासून जिंकत जिंकत मी मुंबईच्या स्टुडिओपर्यंत गेलो. रोज संध्याकाळी माझी बायको साखराबाई चुलीपुढं पुस्तक धरून प्रश्न विचारायची. "अवो, आदी नीट ऐका तर," म्हणायची. महाअंतिम फेरीत एकदाच घरी फोन करून विचारायची मुभा होती. कोणाला करणार, ते आधी सांगावं लागे. मी साखराबाईचं नाव दिलं. जगात तेवढ्या एकाच माणसावर माझा विश्वास होता.

शेवटचा प्रश्न आला, पर्यायांशिवाय: गोदावरी उगम पावते तिथलं ज्योतिर्लिंग कोणतं? आता हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. पण शेवटाला एवढं सोपं कोण विचारतं बे? मला यात सापळा दिसला. खात्रीसाठी फोन लावला. प्रश्न वाचून दाखवला, आणि साखराबाई गप्प. पार वेळ संपेस्तोवर गप्प. एवढं सोपं असतं तर ती लगेच बोलली असती; बोलत नाही, म्हणजे माझ्या मनातलं उत्तर चूक, असा मी हिशेब केला आणि भीमाशंकर म्हणालो. हरलो.

साखराबाई तेव्हापासून एकच कारण सांगते. फोन ओसरीवर, गाव जमलेलं, आणि समोर बाजेवर माझे वडील, म्हणजे तिचे सासरे, त्रिंबकराव बसलेले. त्र्यंबकेश्वर म्हणायचं तर सासऱ्याचं नाव तोंडातून निघणार. आमच्याकडं सून ते घेत नाही. त्या देवाला ती 'नाशकाकडचा देव' म्हणते. आधीपासून म्हणते की हरल्यावर म्हणायला लागली, हे मला आठवत नाही, आणि तिथंच माझा संशय अडकला. माझा चुलतभाऊ सुंदरराव, माझ्यावर आयुष्यभर जळणारा, त्या दिवशी तिच्या शेजारीच बसलेला होता. त्यानं तिला फितवलं, असं मी धरून चाललो. त्यानंतर तिच्या तोंडून प्रश्न ऐकले नाहीत. एका घरात राहून आम्ही मीठमिरचीपुरतंच बोललो.

म्हणून मी कलम असं सांगितलं होतं: ~~"साखराबाईनं साक्षीदारांसमोर माझ्या वडिलांचं नाव मोठ्यानं घेतल्यास तिचं कारण खोटं ठरेल, व घर सत्यमला जाईल."~~

तिला मात्र उलटं सांगितलं. हाक मारली आणि म्हणालो, "माझ्या बापाचं नाव घे, घर तुझ्या नावावर करतो." वडील जाऊन किती दिवस झाले! घरासाठी कोणीही घेईल. मला वाटलं, आता सापडली.

साखराबाई पदर सावरून दारात उभी राहिली. गुरुजींनी मान खाली घातली. मग म्हणाली, "इतकी वरसं तुमच्या संशयात ऱ्हायले, आता उघड्यावर ऱ्हाईन. पर मामंजींचं नाव मी घ्यायची न्हाई. घर द्या कुणाला द्यायचं त्याला." आणि वनमालाबाईंना, "ताई, च्या टाकू का तुमाला?" म्हणून आत गेली.

मला लई रडू आलं. हेही लिहून घ्यावं, असं मी वनमालाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, कागद नवीन करू. मी नको म्हणालो. कागद बदलला की मजकूर बदलतो. वरचा मजकूर खोडून शेजारी सही केली आहे.

घर पूर्णपणे साखराबाईचं. अट काही नाही. सत्यमनं त्यात पाय ठेवण्याआधी तिला विचारावं.

कलम ५. माझ्या दहाव्याला सुंदररावसुद्धा जेवायला येईल, येऊ द्या. पण पंगतीत कोणी साखराबाईला "तू त्या दिवशी कावून गप बसलीस?" असं विचारलं, तर तो कोणीही असो, त्याच्या पुढचं पान उचलावं. जन्मभर मी विचारलं, तेवढं तिला पुष्कळ झालं.

हे वाचून दाखवलं, मी दोनदा ऐकलं, मग सही केली.

सही: बंकट त्रिंबक गडदे

आमच्यासमक्ष सही झाली:
१. मोहनराव, निवृत्त शिक्षक, नांदूरघाट
२. विजयमाला, अंगणवाडी सेविका, नांदूरघाट

स्थळ: नांदूरघाट
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५