उलटे जुंपलेले बैल

बोरी, गुरुवार, दिवेलागण

घर फुटता फुटता राहिलं. परवाच बाजारातून तवा आणून कोठीमागं लपवला होता मी, वेगळी चूल मांडायची म्हणून. धाकट्या जावेशी, रेखाशी, पटतच नव्हतं. तिच्या भाकरी करपायच्या, मला म्हैस लाथ मारायची, आणि राग दोघी एकमेकींवर काढायचो. कामं सासूबाईंनी वाटलेली. बदलून बघावं असं कुणाला सुचलंच नाही.

आज कापसात कोळपणी. भावजींनी घाईत बैल उलटे जुंपले, डाव्या अंगाचा तांबडा उजवीकडं. दोघं एकमेकांना ढुशा देऊ लागले, पाऊल काही पुढं टाकीनात. भावजींनी चाबूक उचलला तसे सासरे ओरडले, "मारतो कशाला? बैलात खोट न्हाई. त्यांच्या जागा बदल." बदलल्या, तर तेच बैल मुकाट चालू लागले.

मी शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभी. आमचंही एवढंच असेल का?

घरी आल्या आल्या रेखाला म्हटलं, "आजपासून तू धार काढ, भाकरी मी टाकते." आधी तिनं संशयानं पाहिलं, मग हसली. "ताई, माहेरी मीच धार काढायचे की! तुमी कधी इचारलंच न्हाई." चरवी भरून आणली तिनं.

लय हलकं वाटायलंय. तो तवा शेवटी बाहेर काढला.

"नवा कशाला आणलास गं?" सासूबाईंनी विचारलं.

"जुना लहान पडतो," म्हटलं.

खोटंच बोलले. पण सगळ्या घराच्या भाकरी आज त्याच्यावर झाल्या.