फक्त ‘सोमाली’

रविवार, १४ जून, हॅम्बर्ग

जिंकलो! शेजारच्या युसुफकाकांवरचा लेख आहे तसा छापणार. नाहीतर मी तो परतच घेणार होतो.

काकांचे वडील स्वातंत्र्याआधी सोमालियातल्या राष्ट्रवादी पक्षात होते. कुणी कूळ विचारलं तर फक्त ‘सोमाली’ म्हणायचं, ही त्या पक्षाची शपथ. काका ती अजून पाळतात.

पुण्याचे संपादक मात्र हटून बसले होते. “अहो, कूळ लिहा. त्याशिवाय वाचकाला माणूस कळत नाही.”

“पहिल्या भेटीत तुम्ही माझं आडनाव दोनदा विचारलंत. मग मी कळलो का?”

फोनवर ते हसले. “बरं, सोमालीच राहू दे.”

काकांना लगेच जाऊन सांगितलं. “गेनाऊ, सोमाली!” (जर्मनमध्ये ‘अगदी बरोबर’) म्हणत त्यांनी मिठीच मारली.

पहिल्या दिवशी मीही त्यांना कूळच विचारलं होतं. संपादकांना हे सांगितलं नाही.