शोकेसमधला भाचा

प्रिय काडे,

पाकिटावर स्टुडिओचा शिक्का बघून तुला वाटेल, दादानं फोटो धाडले. फोटो नाहीत. माझं पत्र आहे, आणि तुझ्या भावानं ते वाचलेलं नाही. दुपारची वेळ आहे, दुकानात कुणी नाही, लेक बाबागाडीत झोपली आहे आणि मी काउंटरमागे बसून लिहितेय. फोन करता आला असता. पण फोनवर तू हसतेस, तू हसलीस की मी हसते, आणि बोलायचं ते तसंच राहतं. गेले तीन महिने आपण दोघी नुसत्या हसतोय.

आधी घरची खबर देते. तुझ्या दुकानातून आणलेला चष्मा आईंना अगदी छान बसलाय, फक्त त्यांची तक्रार आहे की अक्षरं स्वच्छ दिसतात पण माणसं म्हातारी दिसायला लागलीत. तुझ्या भावानं मागचा निळा पडदा काढून करडा लावला. आता सगळ्यांचे चेहरे तापातून उठल्यासारखे येतात, पण हे त्याला सांगायची माझी टाप नाही. लेकीला खालचे दोन दात आलेत आणि ते ती माझ्या खांद्यावर तपासून बघते. वजन सहा किलो आठशे. बघ, तू विचारलं नव्हतंस तरी मी वजन सांगून मोकळी झाले. दहा महिने माझं हे असंच चाललंय.

आपल्याला एकदमच दिवस गेले तेव्हा आपण किती मनोरे रचले होते. तुझी तारीख आधीची, माझी अडीच आठवड्यांनी नंतरची. पण माझ्या बाईसाहेब पाच आठवडे घाई करून आल्या, एक किलो नऊशे, आणि मग तुझा ठोंब्या ऐटीत, ठरल्या दिवशी, चार किलो शंभर. म्हणजे माझी लेक त्याच्याहून अठरा दिवसांनी मोठी. हे मी किती जणांना सांगितलं असेल, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर ते पटल्याचं दिसलं नाही.

तुला कल्पना नाही, फोटो काढायला आलेली माणसं काय काय बोलतात. केस सारखे करता करता गाडीत डोकावतात आणि म्हणतात, एवढीशीच? दूध येतं ना तुम्हाला? एका गृहस्थांनी स्वतःच्या हाताची वीत तिच्याशेजारी धरून बघितली. शेजारची लाँड्रीवाली रोज इस्त्रीचे कपडे द्यायला येते आणि रोज म्हणते, कालच्यापेक्षा आज बरी वाटते, म्हणजे काल किती वाईट होती ते मला कळावं. सुरुवातीला मी समजावून सांगायचे, लवकर झाली, डॉक्टर म्हणतात तिच्या मानानं ठीक आहे. मग समजावणं सोडलं आणि खोटं बोलायला लागले. ती पाच महिन्यांची होती तेव्हा मी तीन सांगायचे. तीन म्हटलं की लोक 'अरे वा' म्हणायचे. त्या 'अरे वा'साठी मी पोरीचे दोन महिने दर वेळी खाऊन टाकले.

तुलाही लोक बोलायचे, माहीत आहे मला. पहिलवान, ट्रक, हा तर परस्पर शाळेतच जाईल, असं सगळं. पण खरं सांगू? ते ऐकून माझ्या पोटात दुखायचं. तुला बोलताना लोक हसायचे आणि मला बोलताना मान तिरकी करून हळहळायचे. आई त्याला पाच मिनिटं कडेवर घेऊन हात मोडले गं बाई म्हणत खुर्चीत बसायच्या, आणि त्या मोडलेल्या हातांचा त्यांना कोण अभिमान. माझ्या लेकीला घेतलं की म्हणायच्या, हिला घेतलं काय, न घेतलं काय, कळतसुद्धा नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. माझ्या मनात होतं. आणि त्यात तू ठोंब्याला तोकड्या झालेल्या कपड्यांच्या पिशव्या भरून आणायचीस, धुऊन, घड्या घालून, बटणं तपासून. तू ते किती मायेनं करायचीस. आणि मी घरी येऊन, लहान भावानं टाकलेले कपडे मोठ्या बहिणीला चढवताना दात-ओठ खायचे. बाह्या दुमडायच्या, तीनदा दुमडायच्या. एक पिशवी तर मी उघडलीच नाही. माळ्यावर आहे अजून.

मग तो फोटो. दोघं सात महिन्यांची होती तेव्हा तुझ्या भावानं एकाच सकाळी दोघांचे काढले. चांगले आले दोन्ही. दुसऱ्या दिवशी मी दुकानात आले तर शोकेसमध्ये, अगदी मधोमध, अडीच फुटांचा तुझा लेक. उघडा, मांड्यांना वळ्या, हसताना डोळे गायब. माझ्या लेकीचा फोटो टेबलाच्या खणात, पाकिटात. मी अगदी साध्या आवाजात विचारलं, आपलीचा नाही लावला? तो काच पुसत म्हणाला, "हा कसा चौकटभर दिसतो बघ. आपलीचा लावू की, जरा भरली की."

जरा भरली की. त्याला आजही ठाऊक नाही तो काय बोलला ते. तो फोटोग्राफर आहे, त्याला चौकट दिसते. त्या दिवशी तो जेवायला गेल्यावर मी कॉम्प्युटरवर लेकीचा फोटो उघडला. लोकांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसणं हे माझं रोजचंच काम, तेव्हा हाताला सवय आहे. मी तिचे गाल थोडे फुगवले. मग अजून थोडे. मग दंड, मग हनुवटीखाली एक घडी. अर्ध्या तासात स्क्रीनवर एक गुबगुबीत, कुणाचंही शोभेल असं बाळ तयार झालं आणि माझी लेक त्यात कुठेच राहिली नाही. ती शेजारी गाडीत पडून माझ्याकडे बघत होती. मी ते पुसून टाकलं. पण राग आला तो माझ्या स्वतःवर नाही, नवऱ्यावरसुद्धा नाही. काचेतल्या त्या सात महिन्यांच्या पोरावर आला. रोज सकाळी शटर वर केलं की तो माझ्याकडे बघून हसायचा, आणि त्याच्या मामीला वाटायचं, हा मुद्दाम हसतोय.

त्याच आठवड्यात तू त्याला घेऊन तो फोटो बघायला आलीस. दुकानात ओळखपत्राच्या फोटोसाठी एक बाई थांबल्या होत्या, लाँड्रीवाली होती. तू त्याला स्टुलावर बसवलंस, स्टूल करकरलं, आणि मी बोलले. काय बोलले ते तुला पाठ असेल, तरी लिहिते, कारण मी बोलले हे मला कबूल करायचंय. "अगं, खायला जरा कमी घाल. पोर आहे का पोतं? उद्या शाळेत ढब्बू म्हणतील त्याला." त्या दोघी फिदीफिदी हसल्या. तूही हसलीस, पण जरा उशिरा. मग तू त्याचा वर सरकलेला सदरा खाली ओढून पोट झाकलंस. जाताना दुसऱ्यांदा ओढलास.

ढब्बू हा शब्द मी शोधून काढला नव्हता, काडे. शाळेत तो माझाच होता. वजनाच्या दिवशी मास्तर अख्ख्या वर्गासमोर आकडा ओरडायचे आणि माझा आकडा आला की बाकं वाजायची. आणि तू, वाऱ्यानं उडशील अशी, स्कर्टच्या खिशांत मैदानातले दगड भरून आणि दोन जाड पुस्तकं पोटाशी खोचून काट्यावर चढलीस. तुझा आकडा ऐकून मास्तर चष्मा पुसायला लागले, आणि तू गंभीरपणे सांगितलंस की सर, काट्यातच बिघाड आहे, मघाशी हिचंही जास्तच दाखवलं. मग एक पुस्तक घसरून पायावर पडलं आणि तू अख्खा तास वर्गाबाहेर उभी राहिलीस. पुढे मला तुझ्या घरी वहिनी म्हणून नेलंस तीही तूच. त्या तुझ्या पोराला मी तो शब्द चिकटवला. जखम नेमकी कुठे होते हे मला माहीत होतं, म्हणूनच तो शब्द निवडला. चुकून तोंडातून गेला असं म्हणाले तर ते अजून एक खोटं होईल.

त्यानंतर तू त्याला ठोंब्या म्हणणं बंद केलंस. कागदावरच्या नावानं हाक मारायला लागलीस. आमच्याकडे येणं कमी झालं, आलीस तरी तो तुझ्या मांडीवर, अंगात सैल जाकीट. लसीच्या दिवशी आरोग्य केंद्रात आपण भेटलो तेव्हा नर्सबाईंनी त्याच्या कार्डावरची वजनाची रेघ दाखवली, वर जाता जाता आडवी झालेली. तू म्हणालीस, दात येताहेत, खात नाही. रांगेतली एक म्हणाली, उलट आता कसा सुटसुटीत दिसतो. आणि मी, माझ्या लेकीचे चारशे ग्रॅम वाढले होते त्या महिन्यात, मी आनंदात होते. खरंच आनंदात. घरी येताना गाडी ढकलत गाणं गुणगुणत आले. तो थांबला होता आणि माझी चालत होती. मला वाटलं, आता गाठू.

आता खरं कठीण. दोन रविवारांपूर्वी आपण सगळे आईंकडे जेवायला होतो. मी पाणी आणायला आत आले आणि दारातच थांबले. तुझी पाठ माझ्याकडे होती. तू दुधाच्या बाटलीत पाणी ओतलंस, बाटली उजेडात धरून बघितलीस, अजून ओतलंस. शेजारी खुर्चीत तो बसला होता. केळं अर्धं भरवून तू उरलेलं सालात गुंडाळून ठेवलंस. त्यानं त्याच्याकडे हात केला, मग दोन्ही हात केले, मग रडायला लागला. तू त्याच्या हातात रिकामा चमचा दिलास आणि तोंड खिडकीकडे फिरवलंस. तुझे खांदे हलत होते. मी पाणी न घेता परत फिरले. पुढे पानावर आई म्हणाल्या, उतरलाय हो जरा. आणि मी म्हणाले, "छान दिसतो की." दुकानात बोलले ते जळून बोलले, तिथे मला काही दिसत नव्हतं. हे मात्र सगळं डोळ्यांनी बघून आल्यावर बोलले.

काल सकाळी मी दुकानात आले तर शोकेसमध्ये माझी लेक. अडीच फूट, मधोमध, टकामका बघणारी, कानामागे केसांची एक बट. तुझा भाऊ म्हणाला, तुझा फोन आला होता, त्याचा फोटो काढून टाक म्हणालीस, आता तो तसा दिसत नाही. म्हणून मग आपलीचा लावला, म्हणाला, खूश ना? मी रस्ता ओलांडून पलीकडून बघितलं. ज्याच्यासाठी तीन महिने जीव जाळला ते समोर होतं. लाँड्रीवालीसुद्धा म्हणाली, किती गोड आलीय. मला ते दोन मिनिटंही बघवेना. तुझ्या लेकाचा फोटो मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला होता, उलटा.

दुकान तसंच सोडून मी आरोग्य केंद्रात गेले आणि नर्सबाईंना विचारलं. कळलं की या महिन्यात तू त्याला वजनाला आणलंच नाहीस. त्यांनी जे सांगितलं ते तुला कळावं म्हणून हे पत्र, बाकीचं सगळं मला सांगायची हिंमत यावी म्हणून लिहीत गेले. त्या म्हणाल्या, तो जन्मापासून त्याच्या रेघेवर नीट चालला होता, मोठं बाळ होतं, मोठंच राहणार होतं, त्यात कमी करण्यासारखं काही नव्हतं. भीती आता आहे. दुधात पाणी एक दिवसही नको, आणि त्याला या दोन दिवसांत घेऊन या. मी तुझं नाव घेऊन काही बोलले नाही, पण त्यांना कळलं असावं. तू वाईट आई नाहीस. तुला एका बाईनं भर दुकानात सांगितलं की तुझं पोर जास्त आहे, आणि ती बाई तुझी सगळ्यांत जवळची होती म्हणून तू ते खरं धरलंस. ते खरं नव्हतं. मला तो हवा होता, तसाच्या तसा, माझ्या लेकीच्या जागी, एवढंच त्यात खरं होतं. अजूनही पूर्ण गेलं नाही ते, तुझ्यापासून लपवत नाही. हे पाकीट आज संध्याकाळी तुझ्या दाराखालून आत सरकवेन, आणि उद्या सकाळी दहा वाजता मी केंद्राच्या दारात उभी असेन. नाही आलीस तर तुझ्या घरी येईन, दार नाही उघडलंस तर पायरीवर बसेन. माझ्यावर काय रागवायचं, पुन्हा बोलायचं की नाही, ते सावकाश ठरव. आत्ता पत्र बाजूला ठेव आणि त्याला जेवायला घाल, तो स्वतः तोंड फिरवेपर्यंत.

तुझीच,
वहिनी व्हायच्या आधीची