वादी गैरहजर

शहादा, १२ मार्च १९६३

तुरुंगातल्या मारहाणीत माझा डावा कान गेला, म्हणून मी जेलरवर दावा लावला. तारखेला वादी गैरहजर, असं लिहून खालच्या कोर्टाने तो काढून टाकला. गैरहजर कसा? त्याच जेलरच्या कुलपात होतो मी!

आज धुळ्याला अपिलात न्यायाधीशांनी विचारलं, "वादी तेव्हा कुठे होता?"

"तुरुंगात," सरकारी वकील हळूच म्हणाले.

दावा पुन्हा सुरू झाला. अजून जिंकलो नाही, पण आता ऐकावं तर लागेल.

संध्याकाळी जेलरचा माणूस घरी आला. "सुटलात ना भाऊ, मिटवा आता."

मी बोलायच्या आत बायको तिच्या अहिराणीत म्हणाली, "आते मांगे सरानं नही. पुढली तारीखले मी बी येसू."

तिने आजवर कोर्ट पाहिलेलं नाही.