गोणीतले दोन धोंडे अन् काँटेसाच्या पुढच्या स्प्रिंगा

आधी कबुली, मग वाटणी. कांद्याच्या गोणीत दोन धोंडे मीच घातले.

मी ऋषी भगवंत खरमाळे, वय एकवीस, राहणार खोडद, तालुका जुन्नर. डोकं ठिकाणावर हाय, घरच्यांना पटत नसलं तरी. कुणी धमकावलं नाय, कुणी पाजली नाय. उद्या ड्रॅग रेसला ताईची जुनी काँटेसा मी पळवणार, म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

ताई म्हंजे चुलत बहीण स्नेहल. गाडी तिनंच बांधली. पुढच्या स्प्रिंगा निवडायला तिनं एकेका स्प्रिंगवर पन्नास किलोची गोणी ठेवली अन् किती दबली ते टेपनं मोजलं. जास्त दबली ती नरम. पुढं नरम असली की सुटताना नाक वर येतं, वजन मागच्या टायरवर बसतं, टायर रस्ता धरतो. लईच नरम झाली तर नाक आभाळात अन् स्टेरिंग कामाचं नाय.

धोंडे अमृतदादाची जिरवायला व्हते. ताईचा भाऊ, ताकदीचा लई टेंभा मिरवतो. गोणी उचलताना तोंड लालबुंद.

"जड हाय का रं, दादा?"

"गप ए! पन्नासच तर हाय!"

मग मी कशाला बोलू? ताईनं तसंच मोजलं. धोंड्यांच्या भारानं कडक स्प्रिंगही नरम वाटली, म्हणून तिला वाटलं त्यापेक्षा कडक स्प्रिंगा बसल्या.

परवा येडगाव धरणाकडं रिकाम्या रस्त्यावर चाचणी झाली. क्लच सोडला अन् नाक उठलं, राव, आमच्या रानामागची रेडिओ दुर्बिणीची डिश आभाळाकडं तोंड वळवती तसं. समोर नुसतं निळं. मग अलगद टेकलं अन् गाडी सुतासारखी सरळ सुटली. उतरून स्प्रिंगला हात लावला. पिळलेली सळई, दुसरं काय? पण हात काढवंना. ताई रडत व्हती. "ऋष्या, माझं गणित जमलं रं!"

उद्या पुण्याची रेसवाली टीम तिला कामावर घ्यायचं का ते बघायला येणार. सांगितलं तर ती ह्या स्प्रिंगा काढून नरम बसवंल अन् नाक आभाळातच राहील. म्हणून गप हाय.

आता वाटणी. पान्यांचा डबा ताईला. मूळचा तिचाच हाय. मोबाईल आईला, फोटो बघू नयेत. बूट सुभाषला, त्याची चप्पल विहिरीत मी टाकली व्हती. दोन्ही धोंडे अमृतदादाला. गाडी उलटली तर दोष धोंड्यांचा, ताईचा नाय. हे टीमवाल्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं.

साक्षीदार:
१. साळुबाई, आज्जी. (चष्मा मी लपवलाय, न वाचता सही केली.)
२. सुभाष, मित्र. (धोंडे उचलू लागला व्हता.)

सही: ऋषी
खोडद, २२ फेब्रुवारी २०२५

पण गाडी सरळ पळाली अन् मी जिता असताना हे तुमच्या हाती लागलं, तर पाया पडतो, कुणाला सांगू नका. ताईला तर नकोच नको.