एका बातमीपत्रापुरती लोकर

प्रिय दादा,

ताजी बातमी अशी की राखाडी लोकर शेवटच्या चाचणीतही पास झाली. सकाळी चहाच्या वेळी तिच्यावर चमचाभर पाणी टाकलं होतं, ते दुपारची जेवणं आटोपली तरी गोट्यांसारखं वरच्या वर बसून होतं. खाली ठेवलेला कागद कोरडा. या वृत्ताला माझ्या भागीदार लोकरवाल्या मावशींनी दुजोरा दिला आहे. त्यांनी कागद आधी चाचपला, मग गालाला लावला आणि म्हणाल्या, आता हिच्यावर तांब्या उपडा केलास तरी खाली निरोप पोचायचा नाही.

दुजोरा आधी लिहिला, कारण तो नसला तर तू पुढचं ऐकत नाहीस. लहानपणी तू रिकाम्या पिंपात तोंड घालून बातम्या द्यायचास आणि मी घरभर फिरून त्या आणायचे. बशी कोणी फोडली, शेजारच्या काकू कोणाशी भांडल्या. प्रत्येक बातमीला तुझा एकच प्रश्न, दुजोरा कोणाचा? तू पुढे रेडिओवर खरोखरचा वृत्तनिवेदक झालास. मी लहान मुलांचे लंगोट आणि त्यावरच्या चड्ड्या शिवायला लागले, पण घरची वार्ताहर ती घरची वार्ताहरच राहिले. माझ्या संशयी स्वभावाला तू घातलेलं हे खतपाणी आहे, तेव्हा पुढचं वाचून रागावू नकोस.

उन्हाळा लागता लागता तुझा फोन आला. ऑफिसातल्या कोणाचं तरी मूल आहे, त्याच्यासाठी लंगोटावरची चड्डी हवी आहे, ओल बाहेर येऊ न देणारी, पण प्लास्टिकची नको, काहीतरी नैसर्गिक. इथवर ठीक होतं. माझ्याकडे येणाऱ्या आया हेच मागतात. पण त्या विचारतात, पुरळ येईल का, लवकर वाळेल का, धुवायला किती त्रास. तू पहिलाच प्रश्न विचारलास, आवाज होतो का? इतकी वर्षं शिवतेय, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. स्वतः बाळच एवढा आवाज करत असतं, की चड्डीचा कोण ऐकणार?

तिथे माझ्या डोक्यात पहिला किडा शिरला. मागे वहिनी आली होती तेव्हा माझ्या मागच्या खोलीत बसून तिने एक चड्डी उलटीसुलटी करून पाहिली होती, शिवणीवर बोट फिरवलं होतं आणि वर म्हणाली होती, दिसतं तेवढं सोपं नाही हं हे. मला वाटलं, हिला दुकान काढायचंय आणि नवऱ्याला पुढे केलंय. म्हणून आमच्या धंद्याचं खरं गुपित, ती लोकर, तिचं मी नावच काढलं नाही. मधमाश्यांचं मेण चोळलेलं सुती कापड पाठवून दिलं. तू ते परत पाठवलंस. दुमडलं की कुरकुरतं म्हणालास, आणि अंगाच्या उबेने मेण मऊ पडतं, मग घडीतून ओल येते. अगदी बरोबर. पण दादा, ऑफिसातल्या कोणाच्या तरी मुलाची बित्तंबातमी तुला होती.

मग मी जवसाचं तेल पाजलेलं कापड पाठवलं. त्याला वास येतो, आणि खोली बंद असते, म्हणालास. रबराच्या चिकाचा थर दिलेली चड्डी पाठवली, तर खुर्चीवर जरा सरकलं तरी चुंई करते म्हणालास. बंद खोलीत, खुर्चीवर, न सरकता बसणारं मूल! मी मावशींना म्हटलं, हे बाळ आहे की न्यायाधीश? मावशी हसून हसून पिंजलेल्या लोकरीवर आडव्या झाल्या. मी मात्र हसले नाही. माझा दादा माझ्याशी खोटं बोलतोय, एवढं मला कळलं होतं. कशासाठी, ते कळत नव्हतं.

त्याच सुमाराला सकाळच्या बातम्यांना तुझा आवाज येईनासा झाला. एक मुलगी वाचायला लागली. चांगली वाचते, पण घाईत वाचते, वाक्य संपायच्या आत श्वास घेते. वहिनीला विचारलं, तर म्हणाली, घसा बसलाय. घसा बसलेला माणूस फोनवर ‘जवसाचं तेल’ इतकं खणखणीत म्हणतो का? म्हणजे तू तिच्याशीही खोटं बोलत होतास. आणि मग एका दुपारी तिचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मध्येच आवाज बारीक करून म्हणाली, हे हल्ली बाहेरच्या खोलीत झोपतात. आपले कपडे आपण धुतात, आणि तेही न्हाणीघराला आतून कडी लावून. आयुष्यात यांनी कधी रुमाल धुतला नाही हो. माईक सोडून आता मागच्या टेबलावर बसून नुसत्या बातम्या लिहायच्या म्हणतात. तुम्हाला काही बोललेत का? दुसरं कोणी आहे का यांचं?

मी तिला म्हटलं, भलतंच काय वहिनी. फोन ठेवला आणि तेच भलतं मनात घेऊन बसले. दुसरं घर, दुसरं मूल, म्हणूनच ते कोणा सहकाऱ्याचं, म्हणूनच सगळी लपवालपवी. घरात ह्यांच्यापाशी बोलले, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, तुझ्या भावाला एका घरातला नळ दुरुस्त करायला वेळ मिळत नाही, तो दुसरं घर कुठून चालवणार? पण मी त्या मुलाचं तोंडसुद्धा डोळ्यांपुढे आणलं होतं. तुझ्यासारखे कान होते त्याला.

शेवटी मी लोकरीची गोष्ट काढली. कढत पाण्यात घालून आटवलेली लोकर, नमद्यासारखी घट्ट झालेली, आणि वर मेंढीच्याच अंगची चरबी. ती लोकरीतूनच काढतात आणि आम्ही तिला परत लोकरीत मुरवतो. ती ओल आत धरून ठेवते, बाहेर सोडत नाही, वास अडवते आणि हूं की चूं करत नाही. तू पलीकडून पुन्हा विचारलंस, आवाज नक्की नाही ना? मग म्हणालास, एका बातमीपत्राइतका वेळ टिकली तरी पुरे. आणि लगेच खोकलास. दादा, कुठलं मूल बातमीपत्राच्या हिशेबाने ओलं होतं?

दोन दिवसांनी मापं आली. रेकॉर्डिंगच्या जुन्या तपकिरी फितीचे दोन तुकडे, एक कमरेचा, एक मांडीचा. कमरेची फीत पाहून मला वाटलं, नवखी गिऱ्हाइकं करतात तेच तू केलंस, कापड एकूण किती लागेल तेवढी लांबी कापून पाठवलीस. म्हणून मी अंदाजाने तीन वर्षांच्या मुलाची चड्डी शिवली. ती परत आली. सोबत एवढंच की थोडी मोठी हवी. मी चिडून फीत मावशींपुढे टाकली. त्यांनी ती उचलून स्वतःच्या कमरेभोवती फिरवली. मावशी काही बारीक नाहीत. तरी टोकं एकमेकांवर येऊन वर उरली. म्हणाल्या, हे बाळाचं नाही गं. बाळाच्या बापाचं माप आहे.

मी म्हटलं, दादाला मूल कुठंय? आणि माझंच वाक्य माझ्या कानावर आलं. मूल नव्हतंच, माप तुझंच होतं. 

मावशी मग हसल्या नाहीत. फीत बोटाला गुंडाळत म्हणाल्या, आमच्या ह्यांचं असंच झालं होतं ऑपरेशननंतर, लघवी धरवायची नाही. कोणाकडे जाईनात, कोणाला येऊ देईनात. पुढे पुष्कळ कमी झालं, पण तोवर त्यांनी पत्त्यांचा अड्डा सोडला होता, तो कायमचाच. तेव्हा मला तुझं वसंतातलं ऑपरेशन आठवलं. खडा काढला, किरकोळ होतं, कोणी यायची गरज नाही, असं तू सांगितलं होतंस. त्या बातमीला दुजोरा कोणाचा, हे विचारायचं मी विसरले होते. आयुष्यभर संशय घेतला आणि नेमका तिथे घेतला नाही.

मी शाळेत जायला लागले तरी अंथरूण ओलं करायचे, हे तुझ्या लक्षात असेलच. तू माझ्या आधी उठायचास. चादर ओढून काढायचास, गादी उलटी करायचास आणि आई दारात आली की पिंपातल्या आवाजात सांगायचास, रात्री या भागात पाण्याचा पेला सांडल्याचे वृत्त असून मोठ्या भावाने त्यास दुजोरा दिला आहे. आईला सगळं कळत असणार. एवढे पेले कोणाच्या घरात सांडत नाहीत. पण तिने एकदाही खोदून विचारलं नाही, आणि मी मान वर करून शाळेत जात राहिले.

तर, या पुडक्यात तीन चड्ड्या आहेत. रंग गडद राखाडी, बेतणी साध्या अर्ध्या चड्डीची. वाळत घातल्या तर कोणी वळून बघणार नाही. बैठकीला दोन पदर घातलेत, कारण बसल्यावर दाब पडला की एका पदरातून ओल पिळून बाहेर येते. रांगणाऱ्या बाळांना हे लागत नाही, म्हणून आधी सुचलं नव्हतं. आत सुती लंगोट नेहमीसारखा. रोज धुवायची नाही, वाऱ्यावर टाकायची. साबणाची पावडर तर मुळीच नको, सगळी चरबी निघून जाईल. सोबत एका डबीत चरबी दिली आहे, ती कोमट पाण्यात कशी मिसळायची ते भेटीत दाखवीन. आणि चाचणी मी स्वतः घेतली आहे. काल आत चिंब लंगोट ठेवून, चड्डी चढवून लाकडी खुर्चीवर बसले आणि ह्यांचा पेपर पहिल्या पानापासून मोठ्याने वाचला. मध्ये मुद्दाम चुळबूळ केली, पाय बदलले. ह्यांना शेजारी बसवून ऐकायला लावलं. खुर्ची कोरडी, आवाज शून्य. ह्यांचं म्हणणं, आवाज फक्त वाचणारीचा झाला आणि तो भावाइतका चांगला नाही.

आता मुद्द्याचं. वहिनीने आज सकाळी सांगितलं, की सोमवारी तू रेडिओ स्टेशनवर जाऊन माईक कायमचा सोडत असल्याचं कळवणार आहेस. म्हणून पुडकं नुसतं न पाठवता हे सगळं लिहिलं. मी तिला काही बोलले नाही, बोलणारही नाही. ते तू सांगायचंस, आणि रविवारच्या आत सांगायचंस. ती बिचारी अजून त्या दुसऱ्या बाईशी मनातल्या मनात भांडतेय. सांगितल्यावर आधी रडेल, मग चिडेल, आणि मग चड्डी उलटी करून माझ्या शिवणीवर बोट फिरवील. पुढचा अंदाज असा. रविवारी संध्याकाळपर्यंत बाहेरच्या खोलीतलं अंथरूण आत जाण्याची शक्यता आहे. सोमवारी सकाळी त्या घाईच्या मुलीला सुट्टी मिळेल. माझ्या मागच्या खोलीत रेडिओ लावलेला असेल, मावशी लोकर पिंजायचं थांबवतील, आणि तुझ्या पहिल्या वाक्याची वाट पाहिली जाईल. या वृत्ताला अद्याप दुजोरा मिळालेला नाही. तो एकट्या तुझ्याकडूनच यायचा आहे.

तुझीच,
घरची वार्ताहर